नागिणीचें दुखणें व हिज्कीया राजाचीं अंजिरें

(वाचावयाचा शास्त्रभाग : २ राजे १८:१-४; २ राजे २०:१-७; २ करिंथ १२:७-१०)



आपल्या खेडेगांवांत असें घर क्वचितच सांपडेल कीं, ज्यांत किंवा ज्याच्या शेजारीं नागिणीचें दुखणें येऊन गेलें नाहीं. प्रथम एका कुशीस किंवा पाठीस आग होऊं लागते, सुया टोंचल्यासारखें होतें. मनुष्य म्हणतो, गोणी उचलतांना उसण भरली असावी. दोनतीन दिवसांनीं त्याच जागीं चामडी लाल होते व तिजवर पाण्यानें भरलेल्या बारीक फोडांचे घोस उठतात, आणि ते पाठीकडून पोटाकडे पट्ट्यासारखे सरकत येतात. मग घरांतील म्हातारी माणसें पाहतात व हळूच एक शब्द उच्चारितात. तो शब्द ऐकतांच रोग्याच्या मनांत जें भय शिरतें तें त्या फोडांहून अधिक जाळणारें असतें. कारण लहानपणापासून त्यानें ऐकलेलें असतें कीं, नागिणीचें तोंड व शेंपूट अंगाभोंवतीं फिरून एकमेकांस मिळालीं म्हणजे मनुष्य वांचत नाहीं.

जें कुटुंब नुकतेंच प्रभूच्या कळपांत आलें आहे त्याच्या घरीं हें भय दुप्पट होतें. भाऊबंद ओट्यावर येऊन बसतात आणि म्हणतात, घरचें दैवत टाकलेंत, नागपंचमीस वारुळाला जाणें सोडलेंत, त्याचें हें फळ. मग कोणी सांगतो कीं, अमक्या वाडीवर नागीण उतरविणारा जाणता आहे; तो मंत्र घालितो, गेरूचा लेप देतो, दोन खेपांत गुण येतो. रात्रभर कण्हणाऱ्या नवऱ्याच्या उशाशीं बसलेली बाई मनांत म्हणते, माझा विश्वास प्रभूवरच आहे; पण एवढें एकदां करून पाहिलें तर काय बिघडणार? आम्हांस त्या बाईला दटावावयाचें नाहीं. जिनें दुसऱ्याच्या वेदनेपाशीं चार रात्री जागून काढिल्या आहेत तिचा प्रश्न उत्तर देण्याजोगा आहे, आणि त्याचें उत्तर शास्त्रांत आहे व वैद्यकांतही आहे.

आधीं वैद्यक काय सांगतें तें पाहूं. नागिणीचा सापाशीं कांहींएक संबंध नाहीं. रोगाचें मूळ कांजिण्यांत आहे. लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या, खपल्या पडल्या, मूल पुन्हां खेळावयास लागलें. परंतु त्या रोगाचा विषाणु शरीरांतून निघून गेलेला नसतो. पाठीच्या कण्यालगत जेथें मज्जातंतूंचीं मुळें असतात तेथें तो निजून राहतो. चाळीस-पन्नास वर्षेंही राहतो. वय झालें, किंवा दुसऱ्या एखाद्या रोगानें अथवा औषधानें शरीराची प्रतिकारशक्ति क्षीण झाली, म्हणजे तो जागा होतो व एका मज्जातंतूच्या वाटेनें चामडीपर्यंत येतो. इंग्लंडांतील सायरेन्सेस्टर ह्या गांवीं होप-सिम्प्सन नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांनीं आपल्याच रोग्यांच्या सोळा वर्षांच्या नोंदी जुळवून १९६५ सालीं हा विचार नीट मांडला, आणि पुढील शोधांनीं तो खरा ठरला. ते गांवच्या दुखणाइतांची नाडी पाहणारे डॉक्टर होते. ज्याच्या घरीं गेले त्याच्याकडे लक्ष देऊन पाहत राहिले, एवढेंच. आमच्या उपदेशक बंधूंनीं ही गोष्ट मनांत ठेवावी.

ह्या मज्जातंतूंच्या जोड्या असतात. एक तंतु उजव्या अंगाचा, एक डाव्या अंगाचा. विषाणु बहुधा एकाच तंतूच्या वाटेनें येतो, म्हणून फोड एकाच अंगास उठतात व शरीराच्या मधल्या रेषेपाशीं थांबतात. तोंड आणि शेंपूट मिळावयाचें राहतें तें मंत्राच्या बळानें राहत नाहीं. उत्पन्नकर्त्यानें आपल्या देहाची जी रचना केली आहे तिच्यामुळें राहतें. ज्याची प्रतिकारशक्ति अगदीं खालावली आहे अशा एखाद्यास मात्र क्वचित् अंगभर फोड येतात. त्यास विलंब न लावितां इस्पितळांत नेलें पाहिजे.

मग मांत्रिकाचा गुण कां येतो? कारण हे फोड सात-दहा दिवसांत वाळूं लागतात व दोन ते चार आठवड्यांत खपल्या पडून जातात; मंत्र घातला तरी जातात, न घातला तरी जातात. मांत्रिक पांचव्या दिवशीं येतो व पंधराव्या दिवशीं यश घेतो. पण तो जें घेऊन जातो तें एक नारळ व थोडी दक्षिणा एवढेंच नसतें. तो रोग्याचे पहिले दिवस घेऊन जातो. ह्या विषाणूची वाढ रोखणारीं औषधें आहेत. असायक्लोव्हिर नांवाच्या गोळ्या त्यांपैकींच होत. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आंत तीं सुरू केलीं तर त्यांचा चांगला उपयोग होतो. फोड लवकर वाळतात व पहिली आग कमी होते. उशीर झाला असला तरी डॉक्टरकडे जाणें सोडूं नये. आणि फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले असतील तर त्याच दिवशीं जावें. कारण तेथें डोळ्यास धोका असतो, आणि दृष्टि गेली म्हणजे ती कोणाच्याही लेपानें परत येत नाहीं. त्या बाईस आमचें उत्तर हें आहे : बिघडतें तें हें बिघडतें.

आतां शास्त्राकडे वळूं. हिज्कीया यहूदाचा राजा झाला तेव्हां यरुशलेमेंत एक पितळेचा साप होता. तो खुद्द मोशेनें देवाच्या आज्ञेवरून अरण्यांत केलेला होता, आणि सर्पदंश झालेले लोक त्याकडे पाहून वांचले होते. म्हणजे ती वस्तु मूळची वाईट नव्हती. परंतु शेंकडों वर्षांनीं लोक तिलाच धूप जाळूं लागले. ज्यानें वांचविलें त्याचें विस्मरण झालें व सापाचें भय तेवढें राहिलें. हिज्कीयानें त्या सापाचे तुकडे तुकडे केले. त्या दिवशीं यरुशलेमेंत पुष्कळांस वाटलें असेल कीं, आतां ह्या राजाचें कांहीं खरें नाहीं.

आणि पुढें दोनच अध्यायांनीं आपण काय वाचतों? हाच राजा मरणाच्या दारीं पडला आहे, व त्याच्या अंगास गळूं झालें आहे. आमच्या भाऊबंदांपैकीं कोणी तेथें असता तर लगेच म्हणाला असता, साप फोडलास ना, त्याचें हें फळ! शास्त्र मात्र असला एक शब्दही बोलत नाहीं. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो व प्रार्थना करितो. देव यशया संदेष्ट्यास अर्ध्या वाटेवरून परत पाठवितो कीं, त्याची प्रार्थना ऐकिली आहे, त्याचे अश्रु पाहिले आहेत, तिसऱ्या दिवशीं तो मंदिरांत जाईल, व त्यास आणखी १५ वर्षें आयुष्य मिळेल. इतकें वचन मिळाल्यावर आतां औषध कशास हवें, असें कोणासही वाटेल. पण यशया अंजिरांची ढेप आणावयास सांगतो. ती आणून गळवावर ठेवितात, आणि राजा बरा होतो.

सापाचें भय मोडणारा राजा व अंजिरांचा लेप घेणारा राजा एकच आहे, हें आपण नीट पाहिलें पाहिजे. अंजीर त्या देशांत घरोघरीं मिळणारें फळ होतें. त्यापुढें धूप जाळावा लागत नव्हता, त्याचा कोप होईल असें कोणी म्हणत नव्हतें. देवाच्या हातची ती एक साधी वस्तु होती, व देवानेंच ती कामीं लाविली. आरोग्य केंद्रांतील गोळी ही आमच्या मतें ह्या अंजिराच्या जातीची आहे. (तिसऱ्या दिवसाचा व वर सांगितलेल्या ७२ तासांचा मेळ घालण्याचा मोह कोणी उपदेशकानें धरूं नये, शास्त्रवचनांचा असा खेळ करणें बरें नव्हे.)

हें आम्ही मांत्रिकाकडे जाणाऱ्यांकरितां लिहितों तसेंच आपल्यांतील कांहीं उत्साही बंधूंकरितांही लिहितों. मोठ्या सभेंत डोक्यावर हात ठेवून ते सांगतात कीं, आतां गोळ्या विहिरींत टाका, नाहीं तर तुमचा विश्वास अपुरा ठरेल. लूक हा वैद्य होता, आणि पौलानें त्यास प्रिय म्हटलें. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलानें उपाय सुचविला, तेथें त्याच्या विश्वासाची परीक्षा घेतली नाहीं. कोणी म्हणेल, प्रभूनें वधस्तंभावर बोळ मिसळलेला द्राक्षारस घेतला नाहीं, मग आपण वेदना कमी करणारें औषध कां घ्यावें? तो प्याला प्रभूनें आपल्याकरितां एकदांच प्यावयाचा होता. दुसऱ्याच्या जखमांविषयीं जेव्हां त्यानें दृष्टांत सांगितला तेव्हां त्यांतील शोमरोनी मनुष्यानें तेल व द्राक्षारस ओतून पट्टी बांधिली, आणि त्यास प्रभूनें नांवें ठेविलीं नाहींत.

येथवर गोष्ट सोपी आहे. पुढची कठीण आहे.

कित्येकांची, विशेषतः साठीच्या पुढील माणसांची, खपली पडते, चामडी भरून येते, शेजारी म्हणतात बरें झालें. आणि वेदना राहते. तीन महिन्यांनंतरही राहते, कोणाची वर्षभर राहते, कोणाची त्याहूनही अधिक. त्या जागीं डाग असतो वा नसतो, पण सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाहीं. पंख्याचा वारा लागला तरी निखारा ठेविल्यासारखें होतें. मधूनच विजेसारखी कळ निघते व हातांतला घांस ताटांत पडतो. रात्रीं तर कूस बदलण्याचीही भीति वाटते. असें कां होतें? विषाणूनें जातांना त्या मज्जातंतूस इजा केलेली असते. चोर निघून गेल्यावरही वाड्यावरचें कुत्रें जसें पहांटेपर्यंत भुंकत राहतें तसा तो तंतु विनाकारण वेदनेची हांक देत राहतो. ही वेदना कल्पनेची नव्हे, ढोंगाची नव्हे, व चामडी बरी दिसते एवढ्यावरून ती संपली असें ठरत नाहीं.

हिजवरही औषधें आहेत, आणि त्यांविषयीं एक गोष्ट आपल्या लोकांस सांगणें अवश्य आहे. हीं औषधें मूळचीं अपस्मारावर किंवा मनाच्या उदासीनतेवर देण्याचीं आहेत. तींच अल्प प्रमाणांत अशा तंतूंच्या वेदनेवर उपयोगी पडतात असें आढळून आलें. औषधांच्या दुकानीं कोणी सहज बोलून जातो कीं, ही तर फेफऱ्याची गोळी, ही तर वेड्यांची गोळी. आणि रोगी घरीं येऊन पुडी चुलींत टाकितो. असें करूं नये. डॉक्टरानें कां दिलें तें त्यासच विचारावें. ह्या गोळ्या आरंभीं थोड्या देऊन हळूहळू वाढवितात, त्यांनीं झोंप व घेरी येते, म्हणून रात्रीं उठतांना म्हाताऱ्या माणसास हात द्यावा. गुण दिसावयास कांहीं आठवडे लागतात. आपल्याच मनानें त्या एकदम बंदही करूं नयेत. मिरचींतल्या तिखट द्रव्यापासून केलेलें एक मलमही ह्या वेदनेवर वापरितात. परंतु तें ऐकून कोणी घरीं मिरची वाटून लावूं नये, अनर्थ होईल. हें सर्व करूनही पुष्कळांची वेदना उणी होते, नाहींशी होत नाहीं. हें आम्ही लपवीत नाहीं.

आतां मंडळीची गोष्ट. आमच्या माहितीचे एक वृद्ध बंधु भजनांत झांज वाजवीत असत. नागिणीनंतर चार महिने ते उपासनेस आले नाहींत. लोक म्हणूं लागले, म्हातारा थंड पडला. कोणी म्हणालें, अंतःकरणांत कांहीं पाप झांकलें असेल. शेवटीं तेथील उपदेशक बंधु त्यांच्या घरीं गेले, तेव्हां कळलें कीं, त्यांच्यानें सदरा घालवत नाहीं, आणि उघड्या अंगानें देवाच्या घरांत कसें यावें ह्या लाजेनें ते घरीं बसतात. उपदेशकांनीं त्यांस सांगितलें, जुनें मऊ धोतर एका खांद्यावरून सैल घेऊन या व दाराजवळ बसा, तेथें गर्दीचा धक्का लागणार नाहीं. पुढच्या रविवारीं ते आले. वेदना तशीच होती. झांज मात्र त्यांनीं दुसऱ्याच्या हातांत दिली, व तो चुकला म्हणजे मान हालवीत.

ईयोबाचे तीन मित्र आपण नेहमीं दोषी ठरवितों. तरी त्यांनीं आरंभीं जें केलें तें आपल्या पुष्कळ मंडळ्यांस अजून साधलेलें नाहीं. ते दूर गांवाहून आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, कारण त्याचें दुःख फार मोठें आहे असें त्यांस दिसलें. तोंड उघडल्यावर ते बिघडले. प्रत्येकास ईयोबाचें पाप शोधून काढावयाचें होतें. आणि शेवटीं देवानें सांगितलें कीं, कण्हत व वाद घालीत बोलला तो ईयोब बरोबर बोलला, ह्यांचें बोलणें बरोबर नव्हतें. म्हणून कोणी आजारी मनुष्य देवाजवळ तक्रार करूं लागला तर त्यास गप्प करण्याची घाई करूं नका.

पौलास देहांत एक कांटा होता. तो कोणता रोग होता हें तो सांगत नाहीं, आणि हें फार चांगलें झालें. त्यामुळें प्रत्येक दुखणाइतास तो आपला वाटतो. तो काढून टाकावा म्हणून त्यानें तीन वेळां विनंती केली. ज्याच्या अंगावरचीं वस्त्रें रोग्यांवर नेऊन घालीत व ते बरे होत असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे, त्याचा स्वतःचा कांटा तसाच राहिला. त्याचा विश्वास कमी होता असें म्हणावयास कोण धजेल? त्यास उत्तर मिळालें तें कृपेचें मिळालें; प्रभूचें सामर्थ्य अशक्तपणांत पूर्णतेस येतें असें त्यास कळलें. आणि कांटा देहांत असतां त्यानें पत्रें लिहिलीं, प्रवास केला, तुरुंग सोसला. परंतु हें वचन वेदनेंत असणाऱ्यानें स्वतः धरावयाचें आहे. ज्याचें अंग दुखत नाहीं त्यानें तें दुसऱ्याच्या अंगावर फेंकूं नये.

कोणी भयानें मांत्रिकाकडे जाऊन आला असेल तर त्यास सभेबाहेर काढण्याची भाषा पहिल्याच दिवशीं बोलूं नका. प्रथम त्यास दवाखान्यांत न्या. जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दंपतीनें १९७० सालीं जें काम आरंभिलें, त्यांत अल्पशिक्षित खेडवळ स्त्रिया आपल्या शेजाऱ्यांचीं दुखणीं ओळखावयास शिकल्या. मग आमच्या उपदेशकांनीं व बायबलवाचिका बाईंनीं एवढें ओळखावयास शिकूं नये काय, कीं एका अंगास आग होऊन फोडांचा पट्टा उठला म्हणजे त्याच दिवशीं मनुष्यास डॉक्टरकडे पाठवावयाचें? फोड फोडूं नयेत, त्यांवर राख, शेण, चुना कांहीं लावूं नये. गार पाण्यांत भिजवून पिळलेलें स्वच्छ फडकें ठेवावें व सुती सैल वस्त्र वापरावें.

भेटीस जाण्याचें भय कोणी बाळगूं नये. नागीण दुसऱ्यास नागीण म्हणून लागत नाहीं. ज्यास कांजिण्या कधीं आल्या नाहींत व ज्यानें तिची लसही घेतली नाहीं त्यास ओल्या फोडांतील पाण्यापासून कांजिण्या येऊं शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झांकून ठेवावे, आणि अशा गरोदर स्त्रिया व तान्हीं मुलें ह्यांस दूर ठेवावें. बाकीच्यांनीं अवश्य जावें. पन्नाशी उलटलेल्यांकरितां नागीण टाळणारी लस भारतांत २०२३ पासून मिळते. दोन टोंचण्या, त्यांत दोन ते सहा महिन्यांचें अंतर. ती महाग आहे. तरी ज्या मुलांस शहरांत नोकऱ्या आहेत त्यांनीं आईबापांकरितां ह्याची चौकशी करावी. नाताळांत नवें लुगडें आणण्याहून हें अधिक बरें.

रात्रीची पाळी मंडळीनें आपसांत वांटून घ्यावी, म्हणजे घरच्या बाईस दोन रात्री तरी निजावयास मिळेल. सकाळीं म्हशीची धार व पाणी कोण काढणार हेंही ठरवावें. उशाशीं बसून मोठ्यानें लांब प्रार्थना करूं नये, व दुखत्या अंगावर हात ठेवूं नये. हात धरावयाचा तर दुसऱ्या बाजूचा धरावा. वाचावयाचेंच असेल तर ८८ वें स्तोत्र वाचावें. त्यांत रात्रंदिवस देवाचा धांवा आहे, व शेवटच्या शब्दापर्यंत अंधारच आहे. इतर विलापस्तोत्रांप्रमाणें तें स्तुतीकडे वळत नाहीं. तरीही तें पवित्र शास्त्रांत आहे. ज्याची रात्र अजून सरली नाहीं त्यास तें आपलें वाटतें. तेवढें वाचून थांबावें, त्यास बोलावेंसें वाटलें तर ऐकावें, आणि निघतांना उद्यां रात्रीं कोण येणार त्याचें नांव सांगून निघावें.